हात थरथरतो तो दारूने नव्हे



पोंभुर्ण्याजवळच्या खेड्यातले एक बाबा श्रावणबाळ योजनेचा अर्ज घेऊन माझ्या टेबलाशी आले. सही बारीक बारीक होत शेवटी नुसती रेघ उरलेली. हात थरथरत होता, चेहऱ्यावर भाव नाही. "बाबा, शुद्धीवर असाल तेव्हा या," असे मी बोलून गेलो. सून खाली मान घालून म्हणाली, "भाऊ, हे थेंबभर घेत नाहीत जी." मी शरमलो. पुढे नागपूरच्या डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला. तोवर गावात करणीची कुजबुज झाली होती आणि बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरालाही भगताकडे जाण्याचा सल्ला मिळाला होता!

करणी नाही, मग आहे काय? सिकलसेल आपल्या वस्त्यांना ठाऊक आहे. त्यात हिमोग्लोबिन या प्रथिनात बिघाड असतो. पार्किन्सनमध्येही गोष्ट प्रथिनाचीच, पण मेंदूतली. प्रथिनाला नेमकी घडी पडावी लागते. चुकली तर पेशी आधी ती सुधारून पाहते. न सुधारल्यास त्यावर युबिक्विटिनची चिठ्ठी डकवून त्याला मोडीत काढते. (आमच्या कचेरीतील बाद फायलींपेक्षा हे काम पुष्कळ चोख चालते.) या चिठ्ठीच्या शोधाला २००४ चे नोबेल मिळाले. पेशी आपला मोठा केर कसा पचवते हे शोधणारे जपानचे योशिनोरी ओसुमी २०१६ चे मानकरी ठरले. वयाबरोबर ही साफसफाई मंदावते. पार्किन्सनमध्ये अल्फा-सिन्युक्लिन प्रथिनाच्या गाठी साचतात, डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात आणि हालचाल जड होते. वास न येणे व बद्धकोष्ठता ही लक्षणे कधीकधी कंपाच्या कितीतरी वर्षे आधी दिसतात.

पॅराक्वाट तणनाशक हाताळणाऱ्यांत हा आजार अधिक आढळल्याचे अमेरिकेतील अभ्यास सांगतात. आपली माणसे तोंडाला साधे फडके बांधून फवारतात, ते फडके पुरेसे नाही.

आजार मुळासकट जात नाही, पण लेव्होडोपाच्या गोळीने हालचाल पुष्कळ सुधारते. आपल्या जंगलातील खाजकुयलीच्या बियांतही लेव्होडोपा असतो. तरी मापाशिवाय त्या देऊ नयेत, आणि डॉक्टरांची गोळी तर अचानक मुळीच बंद करू नये.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलबरोबर पार्किन्सनचेही नाव आहे, हे फार थोड्यांना माहीत आहे. बाबांचा अर्ज आता अंगठा घेऊन दाखल केला आहे. दिव्यांग प्रमाणपत्राच्या तपासणीला जिल्ह्याला जायचे आहे. मी त्या दिवसाची रजा टाकली आहे.