आवाज कुणाचा?

पुरुषोत्तम करंडकाची फायनल म्हणजे आमच्यासाठी सणच. कॉलेज सोडून नऊ वर्षं झाली, व्हिजिटिंग कार्डावर 'मॅनेजर' असं छापून आलं, तरी त्या दिवशी पाय आपोआप भरत नाट्य मंदिराकडे वळतात. यंदाही गेले. सर्दी होती, नाक चोंदलेलं होतं, तरी गेले. आणि 'अरे, आवाज कुणाचा'ची आरोळी उठल्यावर गप्प बसेन तर मी कसली! करंडक दुसऱ्याच कॉलेजने नेला. आम्ही ओरडायचे थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात नव्या बॅचचं ट्रेनिंग. चाळीस पोरं, एसी फुल, माइक बंद. सहा तास रेटून बोलले. चार वाजता "एनी क्वेश्चन्स?" विचारायला तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा आली. पोरं हसली. मीसुद्धा हसले, तर तेही म्यूटवर!

मग सल्ले. आलं-मध, हळद-दूध, खडीसाखर-कंकोळ. शेजारच्या डेस्कवरच्याने तर ब्रँडी सुचवली (त्याला सगळ्यावर ब्रँडीच लागते). शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी दुर्बीण घालून स्क्रीनवर माझेच स्वरतंतू दाखवले. लाल, सुजलेले. बाईमाणूस बोलतं तेव्हा हे दोन इवलेसे पडदे सेकंदाला साधारण दोनशे वेळा एकमेकांवर आपटतात म्हणे. सुजल्यावर कसले आपटतायत!

"पाच दिवस बोलायचं नाही," बाई म्हणाल्या. मी मान डोलावली आणि कुजबुजत विचारलं, "कुजबुजलं तर चालेल ना?" त्यांनी असं काही बघितलं की बस्स. कुजबुजताना बऱ्याच जणांचा घसा उलट जास्त आवळला जातो. खाकरणंही बंद, कारण तेव्हाही ते बिचारे पडदे एकमेकांवर आदळतात. खाकरावंसं वाटलं की पाण्याचा घोट घ्यायचा. गंमत म्हणजे ते पाणी स्वरतंतूंपर्यंत पोचतच नाही. तिथे थेंब गेला तर ठसका लागतो! पाणी पोटात जाणार, अंगात ओलावा येणार, मग तो तिथवर जाणार. थेट पोचते ती वाफ. ज्येष्ठमधाने घशाला बरं वाटतं, पण बीपीवाल्यांनी जपून. अँटिबायोटिक मी मागितलं, मिळालं नाही. व्हायरसवर त्याचा काय उपयोग? आणि एक ताकीद: आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही तर परत यायचं, घशात दुसरं काही नाही ना ते बघायला. सिगारेट ओढणाऱ्या मंडळींनी हे वाक्य दोनदा वाचावं.

ऑफिसचं काय, चिठ्ठ्या आणि मेलवर भागलं. खरी पंचाईत रात्री आठची होती.

आठ वाजता मी वाईला आजीला फोन करते. रोज. काचबिंदूने तिची नजर गेलीय, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. मेसेज, फोटो, व्हिडीओ कॉल, सगळं बाद. तिच्यासाठी मी म्हणजे फक्त आवाज. आता तोच नाही, तर मी कुठे आहे?

पहिल्या दिवशी रूममेटने फोन करून सांगितलं. आजीचा विश्वास बसेना. "काही लपवताय का गं पोरींनो? तिच्या कानाला लाव फोन." लावला. मी नुसती श्वास घेत उभी. पलीकडेही शांतता. मग ती म्हणाली, "नखाने टिचकी मार फोनवर. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. जेवलीस?"

टिक.

"ताप?"

टिक टिक.

ही युक्ती तिची जुनीच निघाली. आजी तीस वर्षं प्राथमिक शाळेत बाई होती, हे मला माहीत होतं. दर जूनमध्ये तिचाही आवाज जायचा, हे नव्हतं. एका खोलीत दोन वर्ग, पत्र्यावर कोसळणारा पाऊस आणि त्याच्यावर हिचे पाढे. रजा मिळायची नाही. मग ती टेबलावर पट्टी आपटून वर्ग चालवायची, एकदा आपटली की हो, दोनदा आपटली की नाही. "पोरं त्या आठवड्यात जास्त शहाणी वागायची," म्हणाली. पाच रात्री ती बोलत राहिली. मुख्याध्यापकांशी झालेलं भांडण, पहिल्या पगारात घेतलेलं घड्याळ, आजोबांनी ते हरवलं त्याचा राग (अजून आहे!). इतक्या वर्षांच्या फोनमध्ये यातलं काहीच कसं निघालं नाही? कारण रोज अर्धा तास मीच बोलत होते. माझा बॉस, माझं ट्रॅफिक, माझं अप्रेझल.

सहाव्या दिवशी बाईंनी थोडं थोडं, हळू बोलायची परवानगी दिली. आठ वाजता फोन लावला. "आजी," म्हटलं. फुटक्या बाजाच्या पेटीसारखा आवाज.

पलीकडून काहीच नाही. मग जरा करड्या सुरात, "कोण बोलतंय?"

पोटात खड्डाच पडला. पुन्हा बोलायचा धीर होईना. नखाने फोनवर एक टिचकी मारली.

"हां," आजी म्हणाली, "मग असं सांग की. जेवलीस का?"