जुनी मोटार आणि आंतली हवा

जुनी मोटार ठेवावी कीं विकावी, या विषयावर एका घरांत चाललेल्या वादाचा निवाडा करण्यास आमच्या एका वाचक भगिनींनीं आम्हांस सांगितलें आहे. घरांत माणसें नऊ. गाडी एक, तीहि पंधरा वर्षांची. धाकट्या मुलाला दम्याची भावना आहे, आणि शहरांतून तासभर प्रवास झाला कीं तो रात्रभर खोकतो. दीर म्हणतात, नवी गाडी घ्यावी, तींत हवा गाळण्याची सोय असते. मामंजी म्हणतात, इंजिन उत्तम आहे. एका गाळणीपायीं लाखांचा खर्च कशाला? दीर-मामंजींच्या वादांत बाहेरच्यानें पडणें शहाणपणाचें नव्हे हें आम्ही जाणतों. तथापि त्यांतील शास्त्राचा भाग सांगण्यास हरकत नाहीं.

कांचा वर केल्या म्हणजे बाहेरची हवा बाहेरच राहते, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाहीं. समोरच्या कांचेच्या पायथ्याशीं, वायपरांच्या जवळ, झरोक्यांची एक पट्टी असते. तेथून हवा आंत शिरते. डॅशबोर्डाच्या डाव्या खणामागें असलेला पंखा ती ओढून घेतो. मग ती थंड कॉइलवरून जाऊन आपल्या तोंडावर येते. पुढें एखादा ट्रक काळा धूर सोडीत चालला असेल, तर तोच धूर गार होऊन आपणांस मिळतो, एवढाच काय तो फरक. पाणी वस्त्रगाळ केल्यावांचून जीं घरें माठांत भरीत नसत, त्यांतलींच माणसें हवेच्या बाबतींत इतकीं उदार कशीं, याचें आम्हांस नवल वाटतें.

गाळणीची कल्पना कांहीं आजची नव्हे. अमेरिकेंतील नॅश कंपनीनें १९३८ सालींच बाहेरची हवा गाळून व ऊन करून गाडींत घेण्याची योजना आपल्या मोटारींत केली होती. परंतु स्वस्त गाडी बनवितांना जें डोळ्यांना दिसत नाहीं तें प्रथम गळतें. आपल्याकडे १९८३ पासून २०१४ पर्यंत तयार झालेली मारुति ८०० ही असंख्य मध्यमवर्गीय घरांची पहिली मोटार. तिच्यांत ही गाळणी नव्हती. इतर जुन्या लहान गाड्यांचें दोन तऱ्हांनीं होतें. कांहींत गाळणीचें घर असतें, पण तें रिकामें सोडलेलें असतें. कांहींत घरच नसतें.

म्हणून पहिलें काम पाहण्याचें आहे, विकत घेण्याचें नव्हे. डावा खण बहुधा दोन्ही अंगांनीं आंत दाबून खालीं उतरवितां येतो. त्याच्या मागें पंख्याच्या वर किंवा बाजूस एक आडवें, अरुंद झांकण आढळल्यास नशीब समजावें. तें उघडून आंत बोटें घालावीं. पोकळी रिकामी लागली तर तेथें त्या गाडीच्या मापाची गाळणी बसते आणि ती कांहीं शें रुपयांत मिळते. कांहीं गाड्यांत त्या जागीं झांकण नसून प्लॅस्टिकचा अखंड पत्रा असतो व तो कापावा लागतो. तें काम करण्यापूर्वीं वर बसणारें झांकण हातीं असावें. नाहींतर न गाळलेली हवा त्याच भोंकांतून शिरेल. गाळणीच्या कडेवर बाण असतो. हवा ज्या दिशेनें वाहते त्या दिशेस त्याचें टोंक ठेवावें. माप अगदीं नेमकें हवें. कडेनें बोटभर फट राहिली कीं हवा सोपी वाट धरते आणि गाळणी नुसती शोभेला उरते.

जेथें घरच नाहीं तेथें काय करावें? येथें आमच्या वाचकांतील कर्त्या मंडळींना आम्ही थोडें थांबवूं इच्छितों. झरोक्यावर जुन्या धोतराची घडी बांधणें, पंख्याच्या तोंडाशीं स्पंज कोंबणें, स्वैपाकघरांतील चिमणीची जाळी कापून चिकटविणें, असे प्रकार उत्साहानें केले जातात. कापड ओलें झालें कीं कुजतें. त्याचे धागे सुटून पंख्यांत गुंततात. आणि हवा कोंडली कीं थंड कॉइलवर बर्फ धरतें. पंख्याचा वेग कमीजास्त करणारा जो रोधक असतो तो पुष्कळ गाड्यांत त्याच हवेच्या झोतानें थंड राहतो, म्हणून झोत मंदावला तर तो तापून जळतो. सर्वांत वाईट म्हणजे भर पावसांत घाट चढतांना समोरच्या कांचेवर धुकें धरतें आणि तें घालविण्यास पुरेशी हवा येत नाहीं. खोकल्यावर उपाय करतांना अपघाताला निमंत्रण देण्यांत अर्थ नाहीं. अशा गाडींत झरोक्याखालीं पानें व कचरा अडविणारी धातूची विरळ जाळी लावावी, कॉइल चांगल्या कारागिराकडून धुऊन घ्यावी, आणि गर्दींत आंतलीच हवा फिरविणारी कळ वापरावी.

या कळीविषयीं थोडें विस्तारानें लिहावें लागेल, कारण गाळणीचा खरा उपयोग हिच्याशीं बांधलेला आहे. खणामागें बसणाऱ्या गाळणींतून बहुतेक वेळां बाहेरची आणि आंतली अशी दोन्ही हवा जाते. म्हणजे कळ लावली कीं तीच हवा पुनःपुन्हां गाळली जाऊन हळूहळू स्वच्छ होते. ज्या गाड्यांत गाळणी बॉनेटखालीं, झरोक्याशीं असते, तींत मात्र फक्त बाहेरून येणारी हवा गाळली जाते. आपली गाडी कोणत्या जातीची हें एकदां समजून घ्यावें. परंतु कळ लावूनच नगरपासून मुंबईपर्यंत जाऊं नये. उघड्यावरील हवेंत कार्बन डायॉक्साइडचें प्रमाण दहा लाख भागांत सुमारें ४२० असतें. बंद गाडींत चार-पांच माणसें असलीं तर अर्ध्या तासाच्या आंत तें कांहीं हजारांवर जाऊं शकतें. त्यानें डोकें जड होतें, आणि तें चालविणाऱ्याचेंहि होतें. बोगदा, सिग्नल, धुराळ्याचा रस्ता असेल तेवढा वेळ कळ लावावी. मोकळा रस्ता लागतांच काढावी.

आतां गाळणीकडून अपेक्षा किती करावी? परागकण, रस्त्याची धूळ, कोंकणांतली ती तांबडी माती, हें सारें साधी गाळणी चांगलें अडविते. अडीच मायक्रॉनांहून बारीक कण, जे फुप्फुसांत खोल जातात, तिच्यांतून कांहीं अंशीं निसटतात. माणसाचा केंस पन्नास-सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून ते केवढे याची कल्पना यावी. आपल्या देशाच्या २००९ च्या मानकाप्रमाणें चोवीस तासांच्या सरासरीनें एका घनमीटर हवेंत असे कण ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतात. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं ती मर्यादा १५ सांगितली. दमेकऱ्याच्या घरीं म्हणून बारीक कणांसाठीं खास केलेली गाळणी घ्यावी. सक्रिय कोळशाचा थर असलेली गाळणी वास आणि कांहीं वायु शोषून घेते, पण कार्बन मोनॉक्साइडला ती अडवूं शकत नाहीं. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. जुन्या गाडीचा धूर सोडणारा नळ गंजून फुटला असेल, किंवा मागच्या दाराचें रबर फाटलें असेल, तर त्याची दुरुस्ती गाळणीच्या आधीं झाली पाहिजे. मामंजींनीं इंजिनाची स्तुति करण्यापूर्वीं गाडीखालीं एकदां वांकून पाहावें, अशी आमची नम्र सूचना आहे. तेथें सर्व ठीक असल्यास, आणि खणामागें घर निघाल्यास, केवळ हवेसाठीं गाडी विकण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. घर न निघाल्यास दीरांची बाजू बळावते. मुलाचें औषध मात्र दोन्ही प्रसंगीं वैद्यकीय सल्ल्यानेंच चालू राहावें.

सिगारेट पेटविण्याच्या खांचेंत लावावयाचीं छोटीं हवाशुद्धि-यंत्रें बाजारांत मिळतात. त्यांपैकीं जीं ओझोन सोडतात तीं दमेकऱ्याजवळ आणूंच नयेत. ओझोन श्वासनलिकेस झोंबतो.

गाळणी वर्षांतून एकदां, धुळीच्या गांवीं त्याहून आधीं, बदलावी. काटकसर म्हणून ती नळाखालीं धुण्याचा मोह घरोघर होतो. परंतु तिच्या तंतूंवर बारीक कण ओढणारा विद्युद्भार असतो, तो पाण्यानें जातो आणि कागदहि सैल पडतो. पावसाळ्यांत एक गोष्ट अधिक करावी. मुक्काम जवळ आला कीं शेवटचीं चार-पांच मिनिटें थंडी बंद करून नुसता पंखा चालूं द्यावा. कॉइल वाळते, आणि दुसऱ्या दिवशीं गाडींत बसतांच येणारा तो ओलसर कुबट वास येत नाहीं.