हवेतला फटका

निवृत्तीनंतर मी गोल्फ खेळू लागलो ही गोष्ट या सदरातून सांगण्याचे मी आजवर टाळत आलो. आपल्या घरांतून या खेळाविषयी फारसा आदर नाही. लहानसा पांढरा चेंडू दूर मारायचा आणि मग चार तास त्याच्या मागे चालत राहायचे, यात खेळ तो कोणता, हा प्रश्न आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्याच दिवशी विचारला होता आणि त्याचे समाधानकारक उत्तर मला अद्याप सापडलेले नाही. परंतु अलीकडे आपल्या समाजातील तरुण व्यापारी रविवारी सकाळी मैदानावर दिसू लागले आहेत. त्यांच्यापैकी एकजण परवा म्हणाला, "काका, आठ महिने झाले, शिकवणीचे पैसे भरले, तरी आकडा काही हलत नाही. सोडून देतो आता." त्याला तेथल्या तेथे जे सांगता आले नाही, ते येथे लिहितो.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडेसे. मैदानावर अठरा होल असतात. होल म्हणजे सव्वाचार इंच व्यासाचा खळगा. ठरावीक जागेवरून निघून कमीत कमी फटक्यांत चेंडू त्या खळग्यात घालायचा. निष्णात खेळाडूला प्रत्येक होलसाठी किती फटके लागावेत याचे प्रमाण ठरलेले असते, त्याला पार म्हणतात. मोठ्या मैदानांवर अठरा होल मिळून पार बहुधा ७२ च्या आसपास भरतो. नवशिक्याला १२०, १३० फटके सहज लागतात. म्हणजे येथे आकडा जितका लहान तितका खेळ चांगला. आयुष्यभर ठेवी वाढविण्यात गेलेल्या माणसाला एवढी गोष्ट अंगवळणी पडायलाही काही दिवस लागले.

माझे एक जुने खातेदार, कापडाचे व्यापारी, मला तेथे घेऊन गेले तेव्हा मी एकसष्ट वर्षांचा होतो. हातमोजा बहुधा मेंढीच्या कातड्याचा असतो असे कळल्यावर मी कृत्रिम धाग्याचा मागवून घेतला. तो अधिक टिकतो हा वरकड लाभ. पहिल्या पूर्ण डावात माझे १३१ फटके झाले. त्याच संध्याकाळी मी कागदावर रेघा ओढून तक्ता तयार केला. दरमहा तीन फटके कमी करायचे. बारा महिन्यांत छत्तीस. वर्षअखेरीस ९५. शंभराच्या आत येण्याचे उद्दिष्ट गाठून वर पाच फटक्यांची शिल्लक! गणित बिनचूक होते.

पहिल्या तीन महिन्यांत मी ११४ वर आलो. तक्त्यापेक्षा पुढे. त्यानंतरचे पाच महिने ११२, ११६, १११, ११५ असेच गेले. अर्थशास्त्रात घटत्या फलाचा नियम मी विद्यार्थीदशेत पाठ केला होता, परंतु स्वतःच्या तक्त्याला तो लावावा असे मनात आले नाही. सुरुवातीची घट कौशल्याची नसतेच. चेंडूला क्लब लागू लागला, चेंडू समोर जाऊ लागला, एवढ्यानेच पंधरा-वीस फटके गळून पडतात. त्यापुढचा प्रत्येक फटका कमी करण्यासाठी काहीतरी नवे शिकावे लागते, आणि नवे शिकताना जुने बिघडते. शिक्षकाने माझी क्लब धरण्याची पद्धत बदलली तेव्हा दोन महिने माझा आकडा उलट वाढला. दुकानाचे नूतनीकरण चालू असताना विक्री घटते हे आपल्या वाचकांना मी काय सांगावे. पण त्या दोन महिन्यांत मी शिक्षकालाच दोष दिला.

तक्ता मागे पडू लागला तसा मी उतावीळ झालो. झाडामागून चेंडू सुरक्षित बाहेर काढण्याऐवजी फांद्यांमधून थेट मारू लागलो. पाण्यावरून पलीकडे जाण्याची ताकद नसताना तो प्रयत्न करू लागलो. कॅडीने पुढे केलेला क्लब नाकारून मोठा क्लब मागू लागलो. कोपर दुखू लागले ते वेगळेच.

अकराव्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी मात्र सगळे जुळून आले. सोळा होल झाले तेव्हा शंभराच्या आत राहण्याची शक्यता स्पष्ट दिसत होती. सतराव्या होलवर चेंडू एका कडुनिंबाच्या मुळाशी जाऊन बसला. मित्र मैदानाच्या पलीकडच्या कडेला स्वतःचा चेंडू शोधत होते. मी क्लब फिरविला आणि तो चेंडूला लागलाच नाही. चेंडू जागचा हललाही नाही. नियम स्पष्ट आहे. मारण्याच्या हेतूने क्लब फिरविला की तो फटका, चेंडूला लागो वा न लागो. त्या होलवर माझे सात झाले. मी कार्डावर सहा लिहिले. एकूण बेरीज ९९.

मित्रांनी चहा आणि जिलबी मागविली. घरी येऊन मी तक्त्यात ९९ भोवती लाल शाईने वर्तुळ काढले.

संध्याकाळी देवसी प्रतिक्रमणाला बसलो. अनेक वर्षांचा नित्यक्रम असल्याने जीभ आपले काम करते आणि मन दुसरीकडे असते, हे कबूल करावयास हवे. श्रावकाच्या दुसऱ्या अणुव्रताचे, म्हणजे सत्याणुव्रताचे, पाच अतिचार येतात. त्यांत एक कूटलेखाचा आहे. कूटलेख म्हणजे खोटा लेख, खोटी नोंद. हजारो वेळा उच्चारलेला शब्द. त्या दिवशी तेथे मी थांबलो.

बँकेत असताना कॅश क्रेडिटच्या खातेदारांची दरमहा येणारी स्टॉक स्टेटमेंट मी तपासत असे. गोदामात नसलेला माल कागदावर दाखवून उचल वाढवून घेण्याचा प्रकार कोणी केला की मला आकड्यांच्या ठेवणीवरूनच संशय येई, आणि माझी शेरेबाजी कठोर असे. आपल्यापैकी काहींनी ती अनुभवली असेल. परंतु मार्च महिन्यात शाखेचे ठेवींचे उद्दिष्ट अपुरे राहिले म्हणजे हाच अधिकारी शेठजींना फोन करून, ३१ तारखेला रक्कम ठेवा, दोन तारखेला काढून घ्या, अशी विनंती करीत असे. तेव्हा मी त्याला खोटेपणा म्हणत नव्हतो, सहकार्य म्हणत होतो. वरून आलेले उद्दिष्ट अशक्य असले की खालून जाणारा आकडा सजलेला असतो, असे सहकाऱ्यांत बोलताना मी वरिष्ठांना दोष देत असे. गोल्फच्या तक्त्यात मात्र वरिष्ठही मीच होतो आणि शाखाधिकारीही मीच.

अमेरिकेचे बॉबी जोन्स यांची कथा मी पुढे वाचली. ते व्यवसायाने वकील आणि खेळात अखेरपर्यंत हौशी. १९२५ च्या अमेरिकन ओपन स्पर्धेत गवतात मारण्याच्या तयारीत असताना चेंडू किंचित हलला असे त्यांना वाटले. इतर कोणी ते पाहिले नव्हते. पंचांनी निर्णय त्यांच्यावरच सोपविला आणि त्यांनी स्वतःला एक फटका दंड लावून घेतला. चार फेऱ्यांअखेर ते बरोबरीत राहिले आणि जादा फेऱ्यांत हरले. तो एक फटका नसता तर विजेतेपद त्यांचेच होते. लोक कौतुक करू लागले तेव्हा, बँक लुटली नाही म्हणूनही माझे कौतुक कराल काय, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगतात. मजसारख्याला हे उत्तर जरा अधिकच लागले.

परंतु त्या तरुणासाठी जोन्स यांची दुसरी गोष्ट अधिक उपयोगाची. ते चौदाव्या वर्षी, १९१६ साली, अमेरिकन राष्ट्रीय हौशी स्पर्धेत उतरले होते. बालपणापासून नावाजलेले, आणि तितकेच तापट. क्लब फेकणे हा नेहमीचा प्रकार. १९२१ साली, एकोणिसाव्या वर्षी, स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे ब्रिटिश ओपनच्या तिसऱ्या फेरीत खेळ बिघडत गेला, अकराव्या होलवर चेंडू वाळूच्या खड्ड्यात अडकला, आणि त्यांनी चिडून चेंडू उचलून स्पर्धाच सोडली. पहिले मोठे विजेतेपद मिळायला १९२३ उजाडले. एवढी गुणवत्ता असलेल्या मुलाला सात वर्षे लागली. १९२७ मध्ये त्याच सेंट अँड्र्यूजला ते ब्रिटिश ओपन जिंकले आणि १९५८ मध्ये त्या गावाने त्यांना मानद नागरिकत्व दिले.

पुढच्या रविवारी मी मित्रांना सांगितले, की मागच्या वेळी ९९ नव्हते, १०० होते. ते मोठ्याने हसले. "अहो साहेब, एका फटक्याने काय होतंय! आपण काय ऑलिंपिक खेळतोय?" त्यांनी सहज उच्चारलेल्या शब्दाने मला टोकियो आठवले. ७ ऑगस्ट २०२१, शनिवार. त्याच दिवशी संध्याकाळी नीरज चोप्रांच्या सुवर्णपदकामुळे आपण सारे ती सकाळ विसरून गेलो, पण त्या सकाळी अदिती अशोक चार दिवसांच्या, ७२ होलच्या खेळानंतर चौथ्या आल्या होत्या. पदक हुकले ते एका फटक्याने.

कॅडी चेंडू पुसत उभा होता. तो मित्रांसमोर काही बोलला नाही. नंतर आम्ही दोघेच चालत असताना म्हणाला, "साहेब, हवेतला फटका सगळेच विसरतात." त्याने ते पाहिले होते, हे मला तेव्हा कळले.

त्यानंतर मी तक्ता फाडला नाही, पण दुसरा केला. आपल्या आचारधर्मात मुनींसाठी महाव्रते आहेत आणि गृहस्थांसाठी अणुव्रते. व्रत तेच, प्रमाण आपल्या शक्तीचे. ज्याला एकासन जमत नाही तो मासक्षमणाचे पच्चक्खाण घेत नाही, आणि त्यात त्याला कोणी कमी लेखत नाही. मी एकूण बेरजेचे उद्दिष्ट काढून टाकले, कारण ती माझ्या हातात नसते. वारा, पाऊस, मैदानाची अवस्था, सारे तिच्यात येते. त्याऐवजी माझ्या हातात असलेल्या गोष्टी धरल्या. दर खेपेला खेळण्यापूर्वी तीन फुटांवरून पन्नास चेंडू खळग्यात घालायचे. झाडामागे गेलो तर एक फटका खर्चून निमूटपणे बाजूला यायचे. महिन्याच्या चार डावांची सरासरी काढायची, एकट्या डावाकडे पाहायचे नाही. मुदत दोन वर्षे.

पटरचा हिशेब मांडल्यावर आणखी एक गोष्ट उमगली. एका डावात माझे चाळीसहून अधिक फटके केवळ हिरवळीवर खर्च होत होते, आणि मी पैसे ओतत होतो लांब मारण्याच्या महागड्या क्लबवर. सहा फुटांवरून चेंडू चुकला की मी स्वतःवर रागावत असे. कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धांतील फटक्यांच्या नोंदी तपासून २०१४ साली पुस्तक लिहिले. त्यांच्या हिशेबाप्रमाणे जगातील उत्तमोत्तम खेळाडूदेखील आठ फुटांवरून साधारण निम्म्या वेळाच यशस्वी होतात. टीव्हीवर गेलेले चेंडू अधिक दाखवितात, म्हणून आपली कल्पना चुकते.

हॅण्डिकॅपची जागतिक पद्धतही बँकेच्या माणसाला आवडावी अशी आहे. २०२० पासून ती लागू झाली. तुमच्या शेवटच्या वीस कार्डांपैकी उत्तम आठांची, मैदानाची कठीणता लक्षात घेऊन, सरासरी काढतात. कमाल मर्यादा ५४. म्हणजे बारा वाईट दिवस सरासरीत धरले जात नाहीत, पण नोंदीत राहतात. आणि कार्डावर खोटा लहान आकडा लिहिला तर हॅण्डिकॅप कमी होऊन स्पर्धेत मिळणारी सवलत घटते. फुगविलेल्या नफ्यावर कर भरावा तसे. उलट, सवलत टिकावी म्हणून चांगली कार्डे दडवून ठेवणारेही असतात. त्या प्रकाराविषयी या मासिकाच्या वाचकांना अधिक सांगणे नलगे.

शंभराच्या आत मी खरोखर आलो तो त्या जिलबीनंतर चौदा महिन्यांनी, ९८. त्यानंतर पुन्हा १०६ झाले, १०२ झाले. गेल्या रविवारी १०४. सतराव्या होलवर आठ लागले, त्यांत एक हवेतला होता.

त्या तरुणाने आठ महिने म्हटले, पण तो महिन्यातून दोनदाच येतो. म्हणजे सोळा डाव. सोळा दिवसांत गल्ल्यावर बसायला तरी येते काय, असे मी त्याला विचारले तेव्हा तो हसला. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला त्याला बोलावले आहे, आणि आठ महिन्यांची सगळी कार्डे घेऊन ये असे सांगितले आहे. त्यांतली वाईट कार्डे त्याने फाडून टाकली आहेत म्हणे. उरली असतील तेवढी आण, म्हटले.