कंधारची लेक आणि कायद्याचा उंबरठा



सन २०२५ च्या मे महिन्यात अवघ्या चार दिवसांच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. १६ मे रोजी पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात वैष्णवी हगवणे या तरुण विवाहितेचा सासरी मृत्यू झाला आणि हुंड्याच्या आरोपांनी सारा महाराष्ट्र ढवळून निघाला. २० मे रोजी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. बी. व्ही. नागरत्ना व न्या. सतीशचंद्र शर्मा यांच्या पीठाने 'वी द विमेन ऑफ इंडिया' या संस्थेच्या याचिकेवर आदेश दिला की, ज्या राज्यांनी जिल्हा व तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी अद्याप नेमले नसतील, त्यांनी ते सहा आठवड्यांत नेमावेत. पहिल्या घटनेवर वृत्तवाहिन्यांनी रात्रीच्या रात्री जागवल्या. दुसरी आतल्या पानावर राहिली. प्रस्तुत लेखकास मात्र ती अधिक बोलकी वाटते. ज्या कायद्याने हा अधिकारी निर्माण केला, तो 'कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम' २००५ साली संमत झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यानंतर साडेअठरा वर्षांनीही सर्वोच्च न्यायालयाला 'माणसे नेमा' असे सांगावे लागले.

नांदेडहून पन्नासेक किलोमीटरवर असलेले कंधार हे राष्ट्रकूटांच्या काळापासून नावाजलेले गाव. भुईकोट किल्ला, मन्याड नदी, दर्गा, तहसील कचेरी आणि न्यायालय ही त्याची ओळख. या तालुक्यातील तांड्यावरची किंवा वाडीवरची एखादी स्त्री रात्री मार खाऊन सकाळी घराबाहेर पडली, तर तिने जावे कुठे? कायद्याची पुस्तके या प्रश्नाचे उत्तर अत्यंत सुबकपणे देतात. पोलिसांकडे, संरक्षण अधिकाऱ्याकडे, नोंदणीकृत सेवा पुरवणाऱ्या संस्थेकडे, अथवा थेट प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. प्रत्यक्षात ती प्रथम माहेरी जाते. माहेर दोन दिवस ठेवून घेते आणि तिसऱ्या दिवशी चार जाणती माणसे तिला परत पोहोचवून येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १८ ते ४९ वयोगटातील दर चार विवाहित स्त्रियांमागे एकीने पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. त्याच पाहणीनुसार, देशभरात शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ७७ टक्के स्त्रियांनी त्याविषयी कोणाकडे मदत मागितली नाही की कोणाला सांगितलेही नाही. तेव्हा तक्रारींची संख्या कमी म्हणून तालुक्यात सारे आलबेल आहे, असा निष्कर्ष कोणी काढू नये.

मराठवाड्याला हे दुःख नवे नाही. बीडची लेक मंजुश्री सारडा लग्न होऊन पुण्यास गेली आणि जून १९८२ मध्ये तिचा मृत्यू झाला. मृत्यूपूर्वी तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे पुढे न्यायालयात पुरावा म्हणून वाचली गेली. सत्र न्यायालयाने पतीस दोषी धरले, उच्च न्यायालयाने ते कायम केले, आणि १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने संशयाचा फायदा देऊन त्याची निर्दोष मुक्तता केली. परिस्थितिजन्य पुराव्याच्या निकषांसाठी वकीलवर्ग हा निकाल आजही उद्धृत करतो. आम्हास मात्र त्यातील ती पत्रेच आठवतात. मनातले सांगण्यासाठी त्या मुलीजवळ पोस्टाची पेटी होती. फौजदारी संहितेतील कलम ४९८-अ तेव्हा अस्तित्वात नव्हते, ते १९८३ च्या अखेरीस आले. संरक्षणाचा आदेश देणारा दिवाणी स्वरूपाचा कायदा तर आणखी दोन तपांनी आला. याच मृत्यूने अस्वस्थ होऊन पुण्यात विद्या बाळ व त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंच स्थापन केला, 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन गावोगावी नेले आणि पुढे 'बोलते व्हा' केंद्र चालवले. मुंबईत १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या छताखाली पोलीस नसलेली समाजकार्यकर्ती बसलेली असावी, ही त्यामागील कल्पना साधी होती आणि ती पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत गेली.

आता २००५ च्या कायद्याचे वेगळेपण पाहू. कलम ४९८-अ, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ८५, हे शिक्षेचे कलम आहे. नवऱ्याला तुरुंगात पाठवणे हा त्याचा मार्ग. परंतु बहुसंख्य स्त्रियांना नवरा तुरुंगात नको असतो. मार थांबावा, डोक्यावर छप्पर राहावे, पोरांच्या शाळेचा आणि पोटाचा खर्च मिळावा, एवढेच त्यांचे मागणे असते. २००५ चा कायदा नेमके तेच देतो. मारहाणीबरोबरच लैंगिक छळ, शिवीगाळ व मानहानी, आणि पैसा, दागिने वा घरखर्च अडवून धरणे यांनाही तो हिंसाच म्हणतो. संरक्षणाचा आदेश, घरात राहण्याचा किंवा भाड्याच्या खोलीचा आदेश, निर्वाहखर्च, मुलांचा तात्पुरता ताबा आणि नुकसानभरपाई, हे सारे एका अर्जात मागता येते. प्रसंग बिकट असेल तर दुसऱ्या पक्षास न ऐकताही अंतरिम आदेश देण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांना आहे. आदेश मोडला तर मात्र तो दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा ठरतो. त्यास एक वर्षापर्यंत कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

२२ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात, ४९८-अ च्या तक्रारींत दोन महिने अटक टाळून प्रकरण कुटुंब कल्याण समितीकडे पाठवण्याच्या अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या मार्गदर्शक सूचनांना मान्यता दिली. खोट्या तक्रारी होतच नाहीत असे कोणी म्हणणार नाही. पण खऱ्या तक्रारदार स्त्रीने ते दोन महिने कोणत्या छताखाली काढायचे? म्हणूनच संरक्षण व निवासाच्या आदेशाचे मोल आज पूर्वीपेक्षा अधिक आहे.

घराचा प्रश्न तर कित्येक वर्षे लटकत होता. घर सासऱ्याच्या नावे आहे, नवऱ्याचे त्यात काही नाही, असे सांगितले की सुनेचा दावा संपत असे. २००६ च्या बत्रा निकालाने तसा पायंडाच पडला होता. १५ ऑक्टोबर २०२० रोजी सतीशचंद्र आहुजा प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल चुकीचा ठरवला. ज्या सामायिक घरात ती नांदली, ते सासू-सासऱ्यांच्या मालकीचे असले तरी तिचा निवासाचा हक्क राहू शकतो. पुढे मे २०२२ मध्ये प्रभा त्यागी प्रकरणात न्यायालयाने हेही स्पष्ट केले की, संरक्षण अधिकाऱ्याचा कौटुंबिक घटना अहवाल नसला तरी दंडाधिकारी अर्जावर आदेश देऊ शकतात. कंधारसारख्या ठिकाणी या निकालाचा अर्थ फार मोठा आहे. साहेब दौऱ्यावर आहेत म्हणून अर्ज अडवण्याचे कारण उरले नाही.

तरीही अडते, आणि बहुधा नोटिशीपाशी अडते. कायदा म्हणतो, पहिली तारीख साधारणतः तीन दिवसांत, नोटीस बजावणी दोन दिवसांत, निकाल साठ दिवसांत. नोटीस बजावायची संरक्षण अधिकाऱ्याने. त्याच्याकडे अन्य चार कामांचा कार्यभार असला, वाहन नसले आणि नवरा हैदराबादला बांधकामावर असला, की तीन दिवसांचे तीन महिने कसे होतात हे न्यायालयाच्या व्हरांड्यात बसलेल्या कोणत्याही बाईला विचारावे.

या भागातील एका गोष्टीचा विचार दिल्लीतील चर्चांत सहसा होत नाही. कंधार, लोहा, मुखेड या पट्ट्यातून दिवाळीच्या सुमारास जोडपी ऊसतोडीला जातात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती कोयत्यावर आणि व्यवहार होतो तो पुरुषाशी. फडावर मार बसला म्हणून बाई निघून गेली तर अर्धा कोयता उरतो, उचल फिटत नाही, आणि मग नवऱ्याइतकाच मुकादमही तिला परत आणू पाहतो. या स्त्रीला कायद्याचे कलम २७ माहीत असणे अगत्याचे आहे. ती जिथे तात्पुरती राहत असेल, कामाला असेल किंवा जिथे छळ झाला असेल, त्या ठिकाणच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. सांगली वा कोल्हापूरकडील कारखान्याच्या तळावरून अर्जासाठी कंधारला यावे लागत नाही. त्याचप्रमाणे माहेरी आलेल्या लेकीस सासरच्या तालुक्यात खेटे घालावे लागत नाहीत. ४९८-अ च्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली रूपाली देवी प्रकरणात हेच सांगितले.

येथे आम्हा धर्मगुरूंविषयीही बोलणे प्राप्त आहे, कारण माहेरच्या चार जाणत्या माणसांत पुष्कळदा आम्हीही असतो. 'सोसून घे, पोरांकडे बघ' हा सल्ला आम्ही दिलेला आहे, मीही दिलेला आहे. वस्तुतः १९८३ च्या चर्चच्या कायदासंहितेतील कलम ११५३ सांगते की, जोडीदारामुळे देहास किंवा आत्म्यास गंभीर धोका निर्माण होत असेल तर विभक्त राहण्यास ते रास्त कारण होय. पोप फ्रान्सिस यांनीही २०१६ च्या 'आमोरिस लेतित्सिया'त अशा प्रसंगी विभक्त होणे नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरू शकते, असे म्हटले आहे. देशाच्या कायद्याला मात्र वेळ लागला. १८६९ च्या घटस्फोट कायद्याखाली ख्रिस्ती पत्नीस केवळ क्रूरतेच्या आधारे घटस्फोट मिळत नसे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने प्रगती वर्गीस प्रकरणात ती विषमता घटनाबाह्य ठरवली आणि २००१ च्या दुरुस्तीने कायदा बदलला. २००५ चा अधिनियम तर सर्व धर्मांच्या स्त्रियांना सारखाच लागू आहे.

वकिलाच्या फीची धास्ती अनेकींना घरीच बसवते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो, किंवा १५१०० या क्रमांकावर विचारणा करता येते. जीवावर बेतले असता ११२, स्त्रियांसाठी मदतवाहिनी १८१, मुलांसाठी १०९८. जिल्ह्याच्या ठिकाणच्या सखी केंद्रात तात्पुरता निवारा, समुपदेशन व वैद्यकीय मदत एका जागी मिळावी अशी २०१५ पासूनची योजना आहे. इजा झाली असल्यास ग्रामीण रुग्णालयात त्याच दिवशी तपासणी करून कागद घ्यावा. कोणताही अहवाल नाही म्हणून रुग्णालयास उपचार नाकारता येत नाहीत. मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना अर्धे तिकीट आहे, नांदेडची फेरी तेवढी स्वस्त झाली.

जी अद्याप घरातच आहे तिच्यासाठी थोडे अधिक. घर सोडण्याची वेळ ही बहुधा सर्वांत धोक्याची असते, म्हणून रागाच्या भरात बोलून दाखवू नये. आधार कार्ड, शिधापत्रिका, बँकेचे पुस्तक, मुलांचे जन्मदाखले आणि लग्नाचा फोटो यांच्या प्रती विश्वासू शेजारणीकडे ठेवाव्यात. अंगावरच्या आणि कपाटातल्या दागिन्यांची यादी करून ठेवावी, स्त्रीधन परत मिळवताना ती कामी येते. मदतवाहिनीला केलेला फोन मोबाइलच्या नोंदीतून पुसावा. शेजारणीशी एखादी खूण ठरवावी, अमुक हाक ऐकू आली की तिने ११२ लावावा.

आणि आदेश मिळाल्यावर कलम २४ प्रमाणे त्याची प्रत तिला विनामूल्य मिळते, तशीच ती त्या हद्दीतील पोलीस ठाण्यालाही जाते. ती खरोखर ठाण्यात पोहोचली का, हे तिने किंवा तिच्या भावाने दुसऱ्या दिवशी जाऊन पाहावे.