पाटे वाढले, भाडे नाही

पिकअपच्या मागे दोन जादा पाटे चढवावेत आणि दीड टनाच्या गाडीत अडीच टन कांदा कोंबावा, हा बाजारपेठेचा हिशेब आहे. पाट्यांनी गाडी बसत नाही, एवढेच. ब्रेक, टायर आणि अ‍ॅक्सल पूर्वीचेच राहतात. घाटाच्या उतारावर त्याची किंमत चालक मोजतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचे कलम १९४ अतिभारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड सांगते. गाडी चालविणाऱ्यास आणि चालवावयास लावणाऱ्यासही. नाक्यावर मात्र सापडतो तो चालकच. कर्जाचा हप्ता फिटू नये इतके भाडे देणारा व्यापारी गादीवर निर्धास्त असतो. पावती त्याच्या नावे फाडा आणि किमान भाडे ठरवा; पाटे आपोआप उतरतील!