खेळाला घरच्या भाषेची जोड

लहान मुलाने खेळातून शिकावे, हे आता कुणाला पटवून द्यावे लागत नाही. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि २०२२ चा पायाभूत स्तराचा आराखडा, दोहोंनी तीन ते आठ या वयासाठी ते मान्य केले आहे. महाराष्ट्रात तर त्याच्या कितीतरी आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या वारली पाड्यांत पाने, बिया, खडे हीच शिक्षणाची साधने केली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीच्या पहाडावर प्रश्न त्याच्या पुढचा आहे. इथे कोलामी, गोंडी, गोरमाटी, तेलुगू बोलणारी घरे आहेत आणि मराठवाड्यातून येऊन वसलेली मराठी घरेही. मग अंगणवाडीतला खेळ कोणत्या भाषेत व्हायचा?

नुसत्या खेळाने काय साधते आणि काय राहून जाते, हे दिल्लीतल्या एका प्रयोगातून कळते. तिथल्या गरीब वस्त्यांतल्या सुमारे दीड हजार बालवाडीच्या मुलांपैकी काहींना चार महिने संख्या आणि आकारांचे खेळ दिले गेले. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. या मुलांची कमी-जास्त ओळखण्याची समज वाढली आणि वर्षभरानंतरही टिकली. शाळेच्या गणितात मात्र ती इतरांच्या पुढे गेली नाहीत. खेळातली समज अंकांना आणि शब्दांना आपोआप जाऊन मिळत नाही, ती जोडून द्यावी लागते, असा याचा अर्थ आम्ही लावतो. जोडायची तर मूल ज्या भाषेत विचार करते तिथूनच सुरुवात हवी. कोलामी मूल चिंचोक्यांचे ढीग लावताना आधी कोलामीत मोजेल, मग मराठीत. तेव्हाच मराठी संख्येला त्याच्या मनात आधार मिळेल.

पालक म्हणतात, खेळ घरीही होतो, अंगणवाडीत लिहायला शिकवा. त्यांची काळजी खरी आहे. पण घरच्या खेळात मोजणी, वर्गवारी, प्रश्न हे योजून आणलेले नसतात. ती योजना हेच सेविकेचे काम, आणि ते पालकांना दाखवता आले पाहिजे. दुसरा आक्षेप असा की सेविकेला कोलामी किंवा गोंडी येत नाही. पण मदतनीस, आई, आजी यांतल्या कुणाला तरी ती येते. त्यांनी गोष्ट सांगावी, सेविकेने खेळातले शब्द शिकून घ्यावेत. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: वजन-उंची, आहारवाटप, पोषण ट्रॅकरच्या नोंदी यांतून खेळाला वेळ उरतोच कुठे? याचे उत्तर एकट्या सेविकेकडे मागणे अन्याय ठरेल.

म्हणून आमचे आवाहन आधी पर्यवेक्षिका आणि प्रकल्प अधिकाऱ्यांना आहे. भेटीच्या वेळी रजिस्टर उघडण्यापूर्वी अर्धा तास खेळ पाहा, तो कोणत्या भाषेत चालला आहे ते टिपा आणि नोंदींसाठी तो वेळ मोडू देऊ नका. सेविकांनी आपल्या गावातल्या मोजणीचे, रंगांचे, नात्यांचे शब्द वहीत उतरवावेत आणि पुढच्या मासिक बैठकीत ती वही सर्वांसमोर ठेवावी.