दाबाआधी नोझलची जागा

रोडहेडरला जलझोत जोडण्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, ‘पंप किती मेगापास्कलचा?’ झोत नेमका कुठे पडतो आणि तो शिफ्टभर टिकतो का, हे त्याआधी विचारले पाहिजे.

दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींच्या क्वार्ट्झाइटवर मायकेल हूड यांनी 1970 च्या दशकात केलेले प्रयोग प्रत्येक खाण अभियंत्याने मुळातून वाचावेत. त्यांच्या पाण्याचा दाब खडकाच्या ताकदीच्या मानाने बराच कमी होता. तरीही झोत टंगस्टन कार्बाइडच्या धारेच्या अगदी पुढ्यात सोडल्यावर हत्याराला लागणारे बळ लक्षणीय घटले. धारेपुढे चिरडलेल्या खडकाचा भुगा तिथेच दाबला जातो आणि यंत्राची शक्ती तो पुन्हा पुन्हा दळण्यात खर्च होते. झोत हा भुगा वेळीच धुऊन काढतो आणि टोकही थंड ठेवतो. तापलेले कार्बाइड मऊ पडून लवकर झिजते, आणि टोक बोथट झाले की भुगा आणखी वाढतो. झोत काही मिलिमीटर जरी सरकला, तरी यातला बहुतेक लाभ हातचा जातो.

ब्रिटनच्या कोळसा खाणींनी 1980 च्या दशकात रोडहेडरवर 70 मेगापास्कलपर्यंतचे झोत वापरून पाहिले. या दाबाने मिनिटाला 60 लिटर पाणी सोडायचे तर त्यालाच 70 किलोवॅट लागतात. पंपातला आणि नळ्यांतला तोटा वेगळा. त्यामुळे खडकात रुतलेल्या पिकनाच पाणी देणारी व्यवस्था हवी. नाहीतर फेसवर नुसता चिखल होतो.

कोळशात काम करणाऱ्यांसाठी तर कापण्याच्या वेगापेक्षा सुरक्षितता मोठी आहे. हवेत मिथेन 5 ते 15 टक्के असला की तो स्फोटक होतो. वालुकाश्मावर घासलेल्या पिकमागे तापलेल्या खडकाची रेघ उमटते, ती ठिणगीचे काम करते. ती विझवायला मागच्या बाजूने साधा, कमी दाबाचा फवारासुद्धा पुरतो. श्वासात जाणारी धूळही पाण्याने कमी होते. एवढ्यासाठीसुद्धा हा खर्च आम्ही योग्य मानतो.

मात्र मिलिमीटरभर रुंदीचे नोझल एका कणानेही तुंबते. फिल्टर आणि नोझलची तपासणी दर शिफ्टला, पिक बदलतानाच झाली पाहिजे. ज्यांच्याकडे अशी यंत्रे आहेत त्यांनी खडकाचा प्रकार, लागलेल्या पिक आणि मोटरचा करंट यांच्या पाण्यासह व पाण्याविना घेतलेल्या नोंदी आम्हाला पाठवाव्यात. निकाल प्रतिकूल असले तरी आम्ही ते छापू.